स्वमग्न मुलांचा विमा : खाटेपलीकडचा खर्च

आरोग्य विम्याची पारंपरिक पॉलिसी रुग्णालयातील खाटेभोवती आखलेली असते. काही अपवाद वगळता किमान २४ तास दाखल झाल्याशिवाय दावा मान्य होत नाही. स्वमग्नता अर्थात ऑटिझम असलेल्या मुलाला मात्र या कारणासाठी दाखल करण्याची वेळ क्वचितच येते. वाचा-उपचार, ऑक्युपेशनल थेरपी, वर्तनोपचार, विशेष शिक्षण हे सारे बाहेरून येऊन-जाऊन आणि वर्षानुवर्षे चालते. बैठकीला ५०० रुपये आणि आठवड्याला तीन बैठका एवढाच हिशेब धरला, तरी वर्षाला ७८ हजार रुपये होतात.

ही उणीव हेरून राष्ट्रीय न्यासाने २००८ मध्ये ‘निरामय’ योजना आणली. १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यासाच्या कक्षेत स्वमग्नतेबरोबरच सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता येतात. योजनेत वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून त्यात बाह्यरुग्ण उपचार आणि थेरपीही धरली आहे. पूर्वतपासणीची अट नाही. नोंदणी शुल्क दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना २५०, तर इतरांना ५०० रुपये असे ठेवण्यात आले. एवढ्या शुल्कात असे संरक्षण बाजारात मिळणे कठीणच!

अडचण पुढे येते. प्रत्येक उपचारप्रकाराला स्वतंत्र मर्यादा आहे आणि थेरपीच्या वाट्याला १ लाखातील लहानसाच हिस्सा येतो. शिवाय पैसे आधी पालकांनी भरायचे आणि मूळ बिले जोडून नंतर परत मागायचे. हातावर पोट असलेल्यांना ते कसे जमावे?

नोंदणीसाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या यादीत स्वमग्नता नव्हतीच. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारांत तिचा समावेश केला. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये विमा नियामक प्राधिकरणाने अपंग व्यक्तींसाठी पॉलिसी उपलब्ध करण्यास कंपन्यांना सांगितले. तथापि पॉलिसी मिळणे वेगळे आणि थेरपीचा खर्च मिळणे वेगळे. त्यामुळे हप्ता भरण्यापूर्वी बाह्यरुग्ण उपचारांचे कलम वाचून घ्यावे.

विम्याविना खुला असलेला मार्ग म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम. २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या या कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. अंगणवाडी वा शाळेतील पथकाला स्वमग्नतेची शंका आल्यास मुलाला जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते.