पायासीचा तराजू
पुनर्जन्माची परीक्षा घ्यायची कशी? दीघनिकायातल्या पायासीसुत्तात कोसलातल्या सेतव्येचा अधिपती पायासी ती घेतो. मरणाऱ्या आप्तांना सांगतो, परलोक असेल तर येऊन कळवा. कुणी येत नाही. मग एका चोराला जिवंत तोलतो, गळा आवळून मारवतो, पुन्हा तोलतो. जीव गेला तर वजन घटायला हवं ना? प्रेत जडच भरतं! भिक्खू कुमार कस्सप म्हणतो, तापलेला लोखंडाचा गोळाही हलकाच असतो. दृष्टान्ताने प्रश्न मिटवला, असं आम्हाला वाटतं. पण गंमत बघा, हे प्रयोग टिकले ते पायासीला हरवणाऱ्यांच्याच ग्रंथात. वर्गात आम्ही वर्षानुवर्षं त्याच्या बुद्धीचं कौतुक केलं. त्या चोराचं काय, असं एका विद्यार्थिनीने विचारलं, तेव्हा आम्ही गप्प झालो.