हिंगणघाटची बनी आणि पाहुणीं झाडें

वर्ध्याहून हिंगणघाटकडे श्रावणांत जाण्याचा योग ज्या वाचकांस आला असेल त्यांनीं रस्त्याच्या दोन्ही बाजूंस एक रोप खचित पाहिलें असेल. कमरेइतकी उंची, गाजरासारखीं चिरलेलीं पानें, आणि माथ्यावर कण्यांसारखीं बारीक पांढरीं फुलें. हेंच गाजर गवत. कोणी त्यास काँग्रेस गवत म्हणतात. फुलांवरून पांढऱ्या टोपीची आठवण होऊन हें नांव पडलें अशी समजूत आहे. आमचे वडील शाळेंत जात होते तेव्हां आमच्या गांवीं हें गवत कोणास ठाऊक नव्हतें. आम्ही शाळेंत जाऊं लागलों तेव्हां पटांगणांतून तें उपटणें हीच आमची श्रमदानाची पहिली ओळख झाली, आणि उपटल्यावर हातांस जी खाज सुटे ती अजून स्मरते.

या गवतानें आमची माती नासविली, असें गांवोगांव ऐकूं येतें. आम्हीही वर्गांत बरींच वर्षें हेंच सांगत आलों. परंतु जमाबंदीचे जुने अहवाल आणि गॅझेटियर चाळतां चाळतां आमचें मत पालटलें. वर्धा जिल्ह्याच्या शेतारानांचें रूप ज्या परक्या झाडांनीं बदललें, त्यांपैकीं न बोलावतां आलेलीं झाडें मागाहूनचीं आहेत. बियाणें वाटून आणि बाजारभाव दाखवून जीं आणलीं तीं आधींचीं, आणि त्यांनीं केलेला बदलही अधिक खोल आहे. त्या बोलावलेल्या पाहुण्यांची हकीकत येथें सांगावयाची आहे.

ती समजण्यास प्रथम माती समजली पाहिजे. या भागांत जुन्या जमाबंदींत जमिनीचे काळी, मोरंड, खरडी आणि बरडी असे वर्ग धरीत. काळी ती नदीकांठची, पुरुषभर खोल. उन्हाळ्यांत तिला अशा भेगा पडतात कीं हात कोपरापर्यंत आंत जावा. वरची माती त्या भेगांत पडते, पावसाळ्यांत भेगा मिटतात, आणि अशा रीतीनें ही जमीन स्वतःच स्वतःस वरखालीं करीत राहते. मृगापासून मुरलेली ओल ती थेट माघापर्यंत धरून ठेवी, म्हणून एकही थेंब न पडतां तींत गहूं आणि जवस पिकत. मोरंड किंचित् हलकी, चुनखडीच्या खड्यांची. खरडी उथळ व दगडाळ. आणि बरडी म्हणजे टेकडीच्या उतारावरची तांबूस मुरमाड जमीन, जिच्यावर पिकापेक्षां गवतच शोभावें. दक्षिणेस हिंगणघाट-समुद्रपूर ही काळीची पट्टी, उत्तरेस आर्वी-आष्टी-कारंजा ही बरडाची. मूळचें तण या मातीस नव्हतें असें नाहीं. कुंदा ज्या काळींत शिरला तींतून तो काढावयास दोन-तीन बैलजोड्या लावून नांगर खोल घालावा लागे, आणि तरीही एखादें मूळ राहून जाई. परंतु कुंदा हा घरचा वैरी होता. त्याचा स्वभाव शेतकऱ्यास ठाऊक होता, आणि वखर व डवरा हीं हत्यारें तशाच तणांशीं झुंजण्यासाठीं घडलेलीं होतीं.

या काळी-मोरंडांत कापसाची जी जात पिके तिचें नांव बनी. पिंवळ्या फुलांची, लहान बोंडाची, उशिरां हातीं येणारी ही पऱ्हाटी. तिचा तंतु देशी कापसांत लांब, मऊ आणि चिवट. हा माल हिंगणघाटच्या पेठेंत येई, म्हणून त्यास व्यापारांत गांवाचेंच नांव पडलें; लिव्हरपूलच्या दलालांच्या तोंडीं ‘हिंगणघाट’ हा शब्द गांवाचा नसून मालाचा होता. वणा नदीच्या कांठच्या एका कसब्यास एवढी कीर्ति लाभावी ही या पऱ्हाटीची पुण्याई होय.

१८५३ च्या डिसेंबरांत तिसरे रघूजी भोसले निपुत्रिक वारले आणि नागपूरचें राज्य खालसा झालें. १८६२ सालीं नागपूर जिल्ह्याचा तुकडा तोडून वर्धा जिल्हा निर्माण झाला. त्याचें ठाणें आरंभीं पुलगांवाजवळ कवठ्यास होतें. १८६६ सालीं पालकवाडी या खेड्याच्या जागीं वर्धा शहर वसविण्यांत आलें, आणि पुढच्याच वर्षीं आगगाडी नागपुरास पोंचली. या सनांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. १८६१ पासून १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावांचून बंद पडत होत्या. म्हणजे वर्धा जिल्ह्याचा जन्मच कापसाच्या टंचाईंत झाला. त्यास जन्मतःच एक पीक नेमून दिलें गेलें असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

येथें एक न्याय केला पाहिजे. बनी सरकारनें मारली, असा ठपका ठेवण्यास पुरावा नाहीं; उलट तिला वांचविण्याची खटपट सरकारनें केली. मध्यप्रांत व वऱ्हाड यांचे कापूस-कमिशनर रिवेट-कारनॅक या गृहस्थांनीं हिंगणघाटी बियाणें शुद्ध राहावें म्हणून मोठी मेहनत घेतली. तिकडे खानदेशांत कलेक्टर ॲशबर्नर यांनीं तर हिंगणघाटचें बियाणें जवळजवळ सक्तीनें पेरावयास लाविलें. हेतु लोकहिताचा कीं लँकेशायरच्या हिताचा, हा वाद निराळा. मौज अशी कीं जिच्या पाठीशीं साहेबाचा हुकूम होता ती बनी हरली, आणि जिच्या पाठीशीं कोणीच नव्हतें ती जरी जिंकली.

कशी जिंकली तें पाहण्याजोगें आहे. जरी ही आंखूड व खरखरीत तंतूची पऱ्हाटी. परंतु काटक, लवकर येणारी, हलक्या जमिनींतही तग धरणारी. शंभर शेर कापूस सरकी काढण्यास घातला तर बनीची रुई तीस शेरांच्या आसपास निघे. जरीच्या उत्तम जातींची चाळिसाच्या जवळ जाई. आतां बनीच्या रुईस जर दीडपट भाव मिळता तर शेतकऱ्यानें हा तोटा सोसला असता. पण युद्ध संपलें, अमेरिकेचा कापूस परत आला, आणि लँकेशायरची गरज सरली. मुंबईच्या गिरण्या चीनकरितां जाडें सूत कातूं लागल्या, पुढें जपानलाही आंखूड कापूस चालूं लागला. बारीक तंतूस गिऱ्हाईकच उरलें नाहीं. तरी थोडाबहुत भाव होता; तोही पेठेंत बुडाला. व्यापारी बनींत जरी मिसळूं लागले, आणि एकदां मिसळ सुरू झाल्यावर गाडीभर निर्मळ बनी आणणाऱ्यासही मिसळीचाच भाव मिळूं लागला. मग निर्मळ पिकवावी कोणी? जिनिंगमध्यें सगळ्यांची सरकी एकत्र होई आणि तीच पेरणीस परत जाई. तेव्हां मिसळ केवळ मालांत न राहतां शेतांत उतरली. विसाव्या शतकाच्या आरंभीं बनीचें शेत शोधून काढावें लागे अशी स्थिति आली. बाहेरचा कापूस चांगल्या कापसाच्या प्रांतांत येऊं नये म्हणून वाहतुकीचा कायदा झाला तो १९२३ सालीं. त्या वेळीं हिंगणघाटांत राखण्यासारखें फारसें उरलें नव्हतें.

मध्यंतरीं १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ पडले. गव्हाच्या पिकावर त्यांचा घाव बसला, आणि खोल काळींतील गहूं-जवस मागें सरून तेथें ज्वारी व कापूस आले. हा फेरफार कागदावर एका पिकाच्या जागीं दुसरें, एवढाच दिसतो. परंतु गव्हाची जमीन पावसाळाभर पडीत राही, तिला पाळीवर पाळी वखर मिळे आणि सगळा पाऊस मुरे. कापसाची जमीन आषाढापासून माघापर्यंत गुंतलेली. ओल जी यावयाची ती त्याच सालीं खर्च. तीच माती, तोच पाऊस, पण जमिनीच्या विश्रांतीचा हंगाम गेला.

उत्तरेकडील बरडाची गोष्ट थोडक्यांत सांगतों, जरी ती स्वतंत्र लेखाचा विषय आहे. आर्वी-कारंज्याकडील मारवेल, पवन्या आणि तिखाडीच्या कुरणांवर गवळाऊ जातीचीं गुरें वाढत: पांढरीं, उंच, हलक्या हाडाचीं, आणि चालीस अशीं कीं मराठ्यांच्या फौजेचें सामान याच बैलांनीं वाहिलें ही परंपरागत कथा खोटी वाटूं नये. नंद गवळ्यांनीं हीं गुरें पिढ्यान्‌पिढ्या जोपासलीं. कांहीं कुरण नांगराखालीं गेलें, कांहीं राखीव जंगलांत. त्याच टापूंतलें बोर अभयारण्य १९७० सालचें. २०१४ सालीं तो व्याघ्रप्रकल्प झाला, आणि देशांतील अगदीं लहान व्याघ्रप्रकल्पांत त्याची गणना होते. चरणारीं गुरें गेल्यावर कुरणाचें काय होतें, यावर वनाधिकारी आणि गवळी यांचें एकमत झालेलें आम्ही ऐकलें नाहीं. घाणेरी मात्र कोणाचेंही मत विचारीत नाहीं. १८०९ च्या सुमारास कलकत्त्याच्या वनस्पति-उद्यानांत शोभेसाठीं आणलेलें हें दक्षिण अमेरिकेचें झुडूप पांखरांच्या पोटांतून देशभर गेलें. जेथें गवताचें अंथरूण फाटलें तेथें तें बसलें. आणि एकदां बसल्यावर त्याच्या सावलींत गवताचें बीं रुजत नाहीं.

१९३४ सालीं गांधीजी वर्ध्यास आले, १९३६ सालीं शेगांवास (पुढचें सेवाग्राम) राहूं लागले. साऱ्या देशाचें लक्ष चरख्याकडे लागलें तें अशा जिल्ह्यांत कीं ज्याची सर्वांत चांगली सुताची पऱ्हाटी त्यापूर्वींच गेली होती. हा योगायोग आम्हांस नेहमीं बोंचतो.

स्वातंत्र्यानंतर देशी कापूसच मागें पडत गेला. १९४७ सालीं देशांत जवळजवळ सगळें क्षेत्र देशी जातींचें होतें. आज देशी पऱ्हाटी शोधीत हिंडावें लागतें. लांब धाग्यासाठीं अमेरिकन जाती आल्या. १९७० सालीं सुरतेहून एच-४ हा संकरित वाण निघाला. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. बोंडअळीपुढें हतबल झालेल्या शेतकऱ्यानें बीटी आनंदानें घेतलें, आणि पहिल्या वर्षांत त्याची फवारणी वांचली हें नाकारण्यांत अर्थ नाहीं. परंतु संकरित बियाणें राखून पुन्हां पेरतां येत नाहीं. घरची सरकी राखण्याची चाल संपली. देशी पऱ्हाटीचें मूळ खोल जाऊन ओल शोधीत असे. नवी पऱ्हाटी वरच्या थरांतच खत आणि पाणी मागूं लागली, आणि मोरंड-खरडीच्या कोरडवाहू शेतांत पाणी कोठून यावें? भरीस सोयाबीन आलें, ज्वारी हटली. ज्वारीबरोबर कडबा, कडब्याबरोबर गुरें, गुरांबरोबर शेणखत. २००६ सालीं शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळें पंतप्रधानांच्या विशेष मदतीसाठीं विदर्भांतील जे सहा जिल्हे निवडले गेले त्यांत वर्धा होता. २०१७ सालीं शेंदरी बोंडअळी बीटीसही न जुमानतां परत आली. आतां तणनाशकास दाद न देणारें ‘चोर बीटी’ विदर्भांत परवान्यावांचून विकलें जातें, कारण निंदणास माणूस मिळत नाहीं. डवरा गोठ्याच्या आढ्यास टांगलेला आम्ही आमच्या घरींच पाहतों.

आतां पुनः गाजर गवताकडे येऊं. अमेरिकेच्या मदतीच्या गव्हांतून, म्हणजे पी. एल. ४८० च्या धान्यांतून, तें आलें हें विधान पाठ्यपुस्तकांतूनही आढळतें. सनावळी त्यास साथ देत नाहीं. पुण्यास त्याची नोंद १९५५ सालची, पी. एल. ४८० खालीं भारताचा पहिला करार १९५६ च्या ऑगस्टांतला. त्यापूर्वीं १९५१ सालींही अमेरिकेचा गहूं कर्जानें आला होता, तेव्हां धान्यावरचा संशय समूळ खोटा ठरत नाहीं. परंतु एकोणिसाव्या शतकांतले वाळवलेले नमुनेही भारतांत सांपडले आहेत. तेव्हां हें बीं पूर्वींही येऊन गेलें होतें. तें फोफावलें मात्र मागाहून, जेव्हां रस्त्यांच्या कडा, पाडलेले प्लॉट, सोडून दिलेलीं शेतें, चरून उघडीं पडलेलीं गायरानें अशी जागा त्यास सर्वत्र मिळाली. एक रोप दहा हजारांहून अधिक बिया टाकतें. उघडी माती मिळाली तर त्यांतल्या थोड्याही पुरतात. मारवेलच्या दाट पट्ट्यांत तें आंत घुसलेलें आम्हीं क्वचित् पाहिलें आहे, आणि तरोटा जेथें आधीं दाट उगवतो तेथेंही त्याची मात्रा चालत नाहीं. १९८४ पासून मेक्सिकोहून आणलेले भुंगे त्यावर सोडतात. पावसाळ्यांत ते पानें फस्त करतात, उन्हाळ्यांत मातींत दडी मारून बसतात. पाहुण्यास खाण्यासाठीं दुसरा पाहुणा!

आमचे थोरले बंधु समुद्रपूर तालुक्यांत घरची शेती पाहतात. दोन वर्षांपूर्वीं त्यांनीं आमच्या आग्रहाखातर अकोल्याहून देशी कापसाचें दोन किलो बियाणें आणून काळीच्या एका कोपऱ्यांत पेरलें. ती बनी नव्हे, तिच्या गोत्रांतली एक पऱ्हाटी, एवढेंच. फवारणी एकदांही करावी लागली नाहीं. बोंडें लहान, वेंचणीस बाया कुरकुरल्या. पण कापूस आला. सरकी पुढच्या पेरणीस निराळी राहावी म्हणून तो स्वतंत्र पिंजून घ्यावा असें ठरवून आम्ही दोघे एका जिनिंगवर गेलों. तेथील माणसानें पोतें उघडून चिमूटभर कापूस बोटांत ओढून पाहिला, मालाची तारीफ केली, आणि किती क्विंटल आहे तें विचारलें. बंधूंनीं सांगितलें. तो हंसला.

“सर, एवढ्याशासाठी मशीन कोन साफ करन?” तो म्हणाला. “दुसऱ्या कापसात मिसळून टाका ना.”