तिजोरीच्या कुलपातलं गुपित

अमरावतीला शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही जुनं कुलूप उघडून त्याचं पोट दाखवत होतो. एका सरांनी विचारलं, "हे मुलांना दाखवायचं? उद्या कुणी दुसऱ्याचं कुलूप उघडलं तर?" प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. उत्तरासाठी आम्हाला कुलपांच्या इतिहासात शिरावं लागलं.

वऱ्हाडात पैशाची वर्दळ वाढवली ती कापसानं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते १८६५) इंग्लंडच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव चढले. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे अकोला, बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. ऐन हंगामात व्यापाऱ्याकडे रोकड आली की ती ठेवायची कुठे? जमिनीत पुरलेला हंडा रोजच्या देण्याघेण्याला सोयीचा नाही. लोखंडी पेटी हवी, आणि पेटीला भरवशाचं कुलूप.

कुलूप भरवशाचं कशानं होतं? १७७८ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॅरननं एक युक्ती काढली. कुलपात स्प्रिंगनं दाबलेल्या पट्ट्या, म्हणजेच लिव्हर असतात. प्रत्येक लिव्हरला एक खाच असते. किल्लीचे दाते लिव्हर उचलतात. सगळ्या खाचा एका रेषेत आल्या तरच अडसराची खुंटी त्यांतून सरकते. लिव्हर कमी उचलला तरी अडतो, जास्त उचलला तरी अडतो. सात लिव्हर असतील आणि प्रत्येकाच्या सहा उंची शक्य असतील, तर किल्ल्या किती प्रकारच्या होतील? सहाचा सातवा घात, म्हणजे २,७९,९३६. वर्गात हे गणित जरूर करून घ्यावं.

एवढ्या किल्ल्या कोण करून बघणार? पण त्याची गरजच नव्हती. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्ज या अमेरिकन कारागिरानं नावाजलेलं चब कुलूप सुमारे २५ मिनिटांत उघडलं. ब्रामा यांचं कुलूप उघडणाऱ्याला २०० गिनींचं बक्षीस होतं. तेही त्यानं १६ दिवसांत, एकूण ५१ तास खपून उघडलं. लिव्हरच्या कुलपाबाबत त्याचं तत्त्व साधं होतं. कुठलेही दोन भाग तंतोतंत सारखे बनत नाहीत. अडसरावर हलका दाब दिला, की एकच लिव्हर आधी घट्ट अडतो. तो शोधून नेमका उचलायचा, मग पुढचा. लाखो शक्यतांचा प्रश्न असा सात छोट्या प्रश्नांत फुटतो.

हॉब्जवर टीका झाली, की यानं चोरांना शिकवलं. त्याचं म्हणणं होतं, चोरांना हे आधीच ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते कुलूप विकत घेणाऱ्याला. या धक्क्यानं इंग्लंडमधल्या कारागिरांनी कुलपं सुधारली.

पुढे आकड्यांची कुलपं आली. त्यांत किल्लीचं भोकच नाही. तीन चकत्यांच्या खाचा जुळल्या की अडसर सुटतो. तबकडीवर १०० खुणा असतील तर जुळण्या होतात १० लाख. प्रत्यक्षात थोड्या कमी, कारण शेजारची खूणही कधीकधी चालून जाते. मग दरोडेखोर कुलपाऐवजी माणसाला धरू लागले. मॅनेजरच्या डोक्याला पिस्तूल लावलं की आकडे मिळायचे. त्यावर जेम्स सार्जंटनं १८७३ मध्ये घड्याळी कुलूप केलं. ठरलेल्या वेळेआधी ते मॅनेजरलाही उघडत नाही. एक घड्याळ बंद पडलं तर अडचण नको, म्हणून अशा कुलपांत दोन-तीन घड्याळं बसवतात.

आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपं करायला सुरुवात केली आणि १९०२ मध्ये तिजोरी बनवली. वकिली सोडून आलेला हा माणूस पोलादाच्या कामात रमला.

आज अकोल्यातल्या बँकेत लॉकर उघडायचा तर पारंपरिक कुलपाला दोन किल्ल्या लागतात, एक बँकेची, एक आपली. एकट्याच्या हाती सगळं नसतं, हे तिथे सगळ्यांना माहीत असतं. तरी लॉकर सुरक्षित राहतो, कारण गुपित यंत्रात नसून आपल्या किल्लीच्या दात्यांत असतं.

त्या सरांना आमचं उत्तर हेच. रचना समजली म्हणून उघडणारं कुलूप मुळात कच्चंच. ते कच्चं आहे हे मालकाला कळलेलं बरं. पुठ्ठ्याच्या तीन पट्ट्या कापा, प्रत्येकीला वेगळ्या उंचीवर खाच करा आणि त्या खाचा जुळवणारी किल्ली मुलांनाच शोधू द्या. मात्र दुसऱ्याच्या कुलपाला हात लावायचा नाही, हेही त्याच तासाला सांगा.