दूरचित्रवाणी आणि आपले आयुष्य



टीव्हीविषयीची एक तक्रार आज घरोघरी ऐकू येते. पूर्वी सारे घर एकत्र बसून टीव्ही पाहत असे. आता ज्याच्या त्याच्या हाती मोबाईल आणि ज्याचे त्याचे तोंड वेगळ्या दिशेला! तक्रार खोटी नाही. पण ती करण्यापूर्वी या सवयीचा इतिहास आपण पाहिला पाहिजे. त्यासाठी गणपतीपुळे, मालगुंड, नेवरे, वरवडे, जयगड या आपल्या पट्ट्यात १९६० च्या सुमारास जन्मलेली एखादी व्यक्ती डोळ्यांसमोर आणा. ती तुमची दादी असेल, मामू असतील, शेजारचे एखादे वडीलधारे असतील. त्यांच्या एका आयुष्यात दूरचित्रवाणीचा आपल्याकडील जवळजवळ सारा इतिहास मावतो.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रयोग १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाला. मुंबई केंद्र सुरू व्हायला २ ऑक्टोबर १९७२ उजाडावे लागले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २४०० खेड्यांना कार्यक्रम दाखविण्याचा मोठा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. मुंबईपासून गणपतीपुळे सरळ रेषेत सुमारे २०० किलोमीटर. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की अडतात. आपली गावे तर सड्याच्या पायथ्याशी, समुद्राच्या काठाला वसलेली. तेव्हा आपल्या या व्यक्तीचे बालपण टीव्हीविना गेले. घरात असेल तर रेडिओ. १९७७ मध्ये आकाशवाणीचे रत्नागिरी केंद्र सुरू झाले आणि जिल्ह्याला आपला आवाज मिळाला; पण चित्र मात्र मुंबईतच राहिले. चाकरमानी नातेवाइकांच्या चाळीत मुक्कामाला गेलेल्यांनी ते पाहिले. 'गजरा', 'छायागीत', तबस्सुम यांचा 'फूल खिले हैं गुलशन गुलशन' ही नावे त्यांनीच गावी आणली. पाहण्याआधी ऐकलेली अशी ही वस्तू होती.

आपल्या पट्ट्यात तिला आणखी एक वाट सापडली. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले, आखातात कामे निघाली आणि कोकणातील तरुण तिकडे गेले. सुटीवर येताना त्यांच्या सामानात टेप रेकॉर्डर आले. पुढे रंगीत टीव्ही आणि व्हिडिओही आले. केंद्राच्या लहरी पोहोचोत न पोहोचोत, कॅसेट लावली की चित्रपट दिसे. ओटीवर, अंगणात शेजारपाजार जमे. ज्या घरी संच, त्या घराला त्या रात्री पाहुणचार टाळता येत नसे.

१९८२ मध्ये भारतात रंगीत प्रक्षेपण सुरू झाले. १९८३ मध्ये 'इन्सॅट-१ बी' हा उपग्रह अवकाशात गेला, आणि १९८४ मध्ये तर काही महिने देशात जवळपास रोज एक प्रक्षेपक उभारला जात होता. घरगुती संचाला तेव्हा परवाना लागे व त्याची फी टपाल कार्यालयात भरावी लागे. १९८५ मध्ये ती पद्धत गेली. आता आपली व्यक्ती पंचविशीत आली होती. संच आला तरी चित्र येईलच असे नव्हते. उंच बांबूवर ॲन्टेना बांधायचा, एकाने छपरावर चढून तो फिरवायचा, दुसऱ्याने खालून 'आलं, आलं, गेलं!' असे ओरडायचे.

७ जुलै १९८४ रोजी 'हम लोग' सुरू झाली. २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायण' आणि २ ऑक्टोबर १९८८ पासून 'महाभारत' या मालिकांनी रविवारची सकाळ बांधून ठेवली. 'महाभारत'चे संवाद डॉ. राही मासूम रझा यांच्या लेखणीतून उतरले होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्या सकाळी कोणत्याही धर्माच्या घरात पाहणारे सारखेच होते. पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. एकत्र बसण्याची ती सवय आपण विचारपूर्वक लावून घेतलेली नव्हती. संच एक, वाहिनी एक, वेळ एक. एकत्र बसण्यावाचून इलाजच नव्हता! ज्याला आपण आज घराची एकी म्हणतो, तिच्यातला मोठा वाटा टंचाईचा होता.

टंचाई सरली आणि हे उघड झाले. १९९१-९२ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या, १९९९ मध्ये 'अल्फा मराठी' आली, २००४ मध्ये मासिक शुल्काविना दूरदर्शनची तबकडी-सेवा मिळू लागली. लहरी आता थेट आकाशातून येऊ लागल्या, आणि सड्याचा अडसर एका तबकडीने दूर केला. ३ जुलै २००० या एकाच दिवशी 'कौन बनेगा करोडपती' आणि 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाले. जेवणाची वेळ मालिकेवरून ठरू लागली. आपली व्यक्ती आता चाळिशीची, घरची कर्ती होती. तरीही रिमोट कोणाच्या हाती, हा वाद घरात शिरला. मुलांना क्रिकेट, आईला मालिका, वडिलांना बातम्या! भारनियमनाच्या काळात तर वीज येईल तीच पाहण्याची वेळ.

२०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले आणि रिमोटचा वादही मिटला. प्रत्येकाला आपापला पडदा मिळाला. भांडण संपले, पण भांडणापुरते तरी एकत्र येणे होते, तेही संपले. आज ती १९६० ची व्यक्ती पासष्टीच्या पुढे आहे. समोर शेकडो वाहिन्या आहेत. कान मंद झाल्याने आवाज मोठा ठेवावा लागतो, आणि आवाज मोठा म्हणून नातवंडे दुसऱ्या खोलीत जातात. तरुणपणी जिच्याभोवती सारी आळी जमे, ती वस्तू उतारवयात एकटेपणाची सोबतीण झाली.

पालकहो, मुलांच्या दृष्टीनेही हा इतिहास मोलाचा आहे. १९८४ मध्ये पुण्यात 'बालचित्रवाणी' स्थापन झाली. मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनविणारी ही संस्था २०१७ मध्ये बंद करण्यात आली. तीनच वर्षांत, २०२० मध्ये, महामारीमुळे शाळांना कुलपे लागली. ज्या घरी मोबाईल नव्हता किंवा रेंज नव्हती, तेथील मुलांसाठी २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही मालिका दाखविण्यात आली. ज्याला आपण करमणुकीचे खोके म्हणून बाजूला सारले होते, तोच अनेक घरांत फळा झाला. पडदा चांगला की वाईट, हे यंत्र ठरवीत नाही; त्यापुढे कोण, किती वेळ आणि कोणाच्या शेजारी बसते, यावर ते ठरते.

जुने दिवस परत आणता येणार नाहीत, आणि टंचाई परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण पूर्वी जे नाइलाजाने घडे, ते आता ठरवून करता येईल. आठवड्यातून एक रात्र घरातील सर्वांनी एकाच पडद्यापुढे बसावे. काय पाहायचे ते आळीपाळीने ठरवावे. एकदा नातवाची पाळी, एकदा दादीची. पाहून झाल्यावर पाच मिनिटे त्याविषयी बोलावे. अभ्यासाच्या वेळी मोबाईल दूर ठेवण्याचा नियम मुलांना घालून द्यायचा असेल, तर तो वडिलांनीही पाळला पाहिजे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला एक काम. आपल्या वाडीत पहिला संच कोणाच्या घरी आला, कोठून आला, ॲन्टेना कोठे बांधला होता, पहिल्या दिवशी काय दिसले, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि वहीत तारीख घालून लिहून काढा. छपरावर चढून ॲन्टेना फिरविणारे हात आता थकले आहेत. त्यांच्याजवळ बसण्याची वेळ आज आपल्या हाती आहे.