दोघांपुरती जागा : मुंबईतील समलिंगी पुरुषांच्या इतिहासाचा धागा

१/
साल १९३४. मुंबईच्या न्यायालयात एका मराठी मासिकावर अश्लीलतेचा खटला चालू होता. मासिकाचे नाव 'समाजस्वास्थ्य', संपादक रघुनाथ धोंडो कर्वे, आणि त्यांची बाजू मांडायला उभे होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. आक्षेप होता तो वाचकांच्या प्रश्नांना छापलेल्या उत्तरांवर. त्या प्रश्नांत एक विषय हस्तमैथुनाचा होता आणि दुसरा समलिंगी संबंधांचा.

२/
आंबेडकरांचा मुद्दा सरळ होता. मासिक लैंगिक आरोग्याला वाहिलेले आहे. वाचकाने शंका विचारली तर तिचे उत्तर देणे हे संपादकाचे कामच आहे. आणि लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील ठरत नाही. न्यायालयाला हे पटले नाही. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. जो प्रश्न घरात, शेजारी, वैद्याला विचारता येत नव्हता, तो एका मासिकाच्या पत्त्यावर टपालाने गेला होता, आणि तेवढी जागाही न्यायालयाने मोकळी ठेवली नाही.

३/
मुंबईत जागा ही प्रत्येकाचीच विवंचना. नोकरी मिळते, जागा मिळत नाही, ही म्हण व्हावी इतकी जुनी तक्रार आहे. पण ज्या पुरुषाचे मन पुरुषावर जडले, त्याच्यासाठी ही विवंचना दुहेरी होती. त्याला शहरात राहायला जागा हवी होती आणि त्या शहरात स्वतः म्हणून वावरायलाही. गेल्या शतकभराचा त्याचा इतिहास हा या दुसऱ्या जागेच्या शोधाचा इतिहास आहे.

४/
आधी कायदा. मेकॉलेच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८३७ मध्ये दंडसंहितेचा मसुदा केला. संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्यातील कलम ३७७ ने 'निसर्गक्रमाविरुद्ध'च्या संभोगाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा सांगितली. दोघांची संमती होती की नव्हती, हा प्रश्न कलमापुढे गौण होता. पुढची दीडशेहून अधिक वर्षे हे कलम समलिंगी पुरुषांच्या डोक्यावर टांगते राहिले.

५/
त्याच काळात मुंबई गिरण्यांचे शहर झाली. कोकणातून, घाटावरून, उत्तरेतून पुरुष आले. बायका-मुले बहुतेकांनी गावी ठेवली. १९२१ च्या जनगणनेत शहरात हजार पुरुषांमागे जेमतेम सव्वापाचशे स्त्रिया होत्या. गिरणगावातील एकेका गाळ्यात दहा-पंधरा गाववाले राहत. एका पाळीचे कामावर गेले की दुसऱ्या पाळीचे त्याच पथाऱ्यांवर निजत. जेवण खाणावळीत, आंघोळ नळावर, झोप व्हरांड्यात नाही तर रस्त्याकडेला.

६/
या पुरुषी शहरात दोन मित्रांनी गळ्यात हात टाकून फिरणे, एका पथारीवर निजणे, एका ताटात जेवणे यांत कोणालाच वावगे दिसत नसे. दोस्तीला शहराने भरपूर जागा दिली होती. मात्र तीच दोस्ती अधिक गहिरी झाली, तर तिला नाव नव्हते आणि आडोसाही नव्हता. दहा बाय दहाच्या खोलीत कोणालाच एकांत मिळत नसे. नवविवाहित जोडप्यासाठी निदान बाकीची मंडळी रात्री व्हरांड्यात जात. दोन पुरुषांसाठी कोण जाणार?

७/
वय वाढले की गावाहून पत्र येई, 'स्थळ पाहिले आहे'. बहुतेकांनी लग्ने केली. काहींनी निष्ठेने संसार केले, काहींनी आयुष्यभर दोन पत्ते सांभाळले. या तडजोडीची किंमत त्या पुरुषांइतकीच, कित्येकदा अधिक, त्यांच्या बायकांनी मोजली. आपल्याला न विचारता आपण कशात ओढले गेलो, हे त्यांना बहुधा कधी कळलेही नाही. घरांच्या आठवणींत तेवढे उरले : 'त्यांचा स्वभाव अबोल होता.'

८/
घरात आडोसा नाही, म्हणून एकांत गर्दीत शोधला गेला. मुंबईची लोकल ही त्यासाठी जणू घडवलेली. लाखो अनोळखी माणसे, खांद्याला खांदा, आणि पुढच्या स्थानकावर प्रत्येकजण पुन्हा अनोळखी. काही गाड्यांचे ठरावीक डबे, मोठ्या स्थानकांवरचे ठरावीक कोपरे, फलाटांवरच्या मुताऱ्या ही भेटीची ठिकाणे झाली. कुठल्या जागी किती वेळ थांबायचे, कोणाच्या नजरेला नजर द्यायची, कधी निमूट निघून जायचे, याचे ज्ञान तोंडी चालत आले.

९/
दुसरे ठिकाण समुद्रकाठचे. अपोलो बंदरावर, गेटवे ऑफ इंडियाच्या बाजूचा दगडी कठडा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जाणत्यांमध्ये नुसता 'वॉल' म्हणून ओळखला जाई. मराठी शहरांत कट्ट्याचे जे स्थान, तेच याचे. संध्याकाळी येऊन बसायचे, ओळख करायची, नवख्याला सावध करायचे, कोण बरेच दिवसांत दिसला नाही त्याची चौकशी करायची. तिथे केवळ शरीराची गरज भागत नसे. आपण एकटे नाही, हे त्या कठड्यावर अनेकांना पहिल्यांदा कळले.

१०/
पण या जागा कोणाच्याच मालकीच्या नव्हत्या. पोलीस येई, दंडुका आपटे आणि विचारी, 'घरी कळवू का?' कलम ३७७ खाली खटले थोडे झाले. धाक मात्र रोजचा होता. शिवाय मुंबई पोलीस कायद्यातील सार्वजनिक असभ्य वर्तनाची कलमे हाताशी असत. घड्याळ, पगाराचे पाकीट, अंगठी देऊन सुटका होई. तोतया पोलीसही याच धंद्यात उतरले. लुबाडला गेलेला माणूस चौकीत जाऊ शकत नसे, कारण तक्रार नोंदवणे म्हणजे स्वतःची ओळख नोंदवणे.

११/
भाषेतही जागा अपुरी होती. मराठीत हाताशी होती ती 'बायल्या'सारखी शिवी किंवा वैद्यकाच्या पुस्तकातला जड शब्द. प्रेमाचे, सोबतीचे, रोजच्या बोलण्यातले नाव नव्हते. १९८१ मध्ये विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' रंगभूमीवर आले. त्यात स्त्रीवर प्रेम करणारी एक तरुणी केंद्रस्थानी होती. पुरुषांच्या वाट्याला मात्र मराठी नाटका-सिनेमात दीर्घकाळ आली ती लचकत चालणारी, हशा वसूल करणारी दुय्यम भूमिका.

१२/
१९८६ मध्ये मुंबईचे पत्रकार अशोक राव कवी यांनी 'सॅव्ही' या इंग्रजी मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी आहोत हे स्वतःच्या नावानिशी सांगितले. नावानिशी सांगणे यालाच महत्त्व होते. तोवर असा माणूस बातम्यांत आला तर गुन्हेगार म्हणून, पुस्तकांत आला तर रुग्ण म्हणून. आता तो आडनाव असलेला, नोकरी असलेला, आई असलेला मुंबईकर म्हणून वाचकांपुढे आला.

१३/
१९९० मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह 'बॉम्बे दोस्त' सुरू केले. शीर्षकातला शब्द मुद्दाम निवडल्यासारखा आहे. गिरणगावाच्या व्हरांड्यातली, लोकलच्या डब्यातली, सिनेमाच्या गाण्यांतली ती जुनी 'दोस्ती'च आता मुखपृष्ठावर आली. अंकात बातम्या असत, आरोग्याची माहिती असे आणि पत्रमैत्रीच्या जाहिराती असत. 'समाजस्वास्थ्य'च्या वाचकाने साठ वर्षांपूर्वी जसा टपालाचा आधार घेतला होता, तसाच आता लहान गावांतल्या तरुणांनी घेतला.

१४/
पत्र कुठे मागवायचे, हा प्रश्न मात्र तोच राहिला. एकत्र कुटुंबात आलेले पत्र वडील फोडत, थोरला भाऊ वाचे. म्हणून कोणी टपालपेटी भाड्याने घेई, कोणी कचेरीचा पत्ता देई, कोणी भरवशाच्या मित्राचा. आजच्या पिढीने फोनला कुलूप लावावे, तशी त्या पिढीने पत्त्याला कुलूप लावले होते.

१५/
१९९४ मध्ये अशोक राव कवी, सुहेल अब्बासी आणि श्रीधर रंगायन यांनी 'हमसफर ट्रस्ट' स्थापन केला. एड्सची साथ शहरात पसरत होती आणि या पुरुषांपर्यंत पोहोचायला सरकारी यंत्रणेजवळ वाट नव्हती. त्याच दशकात संस्थेला सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यातील महापालिकेच्या इमारतीत जागा मिळाली. कायद्याच्या पुस्तकात जे गुन्हेगार, त्यांना शहराच्या पालिकेने छप्पर दिले. ते दिले रोगाच्या भीतीने, हे खरेच. पण आता बसायला खुर्च्या होत्या आणि दार आतून लावता येत होते.

१६/
याच सुमारास कुलाब्यातील 'वूडू' नावाचा जुनाट क्लब शनिवारच्या रात्रींसाठी प्रसिद्ध झाला. १९९८ मध्ये 'गे बॉम्बे' हा गट उभा राहिला. त्याने नृत्यरात्रींबरोबर सहली आणि आई-वडिलांच्या बैठकाही भरवल्या. तरी शहराची उतरंड इथेही सुटली नाही. ज्याच्याकडे प्रवेशाचे पैसे आणि इंग्रजी, तो शनिवारी कुलाब्यात नाचे. ज्याच्याकडे दोन्ही नव्हते, तो फलाटावरच राही आणि दंडुकाही त्याच्याच वाट्याला येई.

१७/
साहित्याने ही उतरंड नेमकी टिपली. रियाद वाडिया यांचा 'बॉमगे' हा छोटा चित्रपट १९९६ चा. त्याला आधार आर. राज राव यांच्या कवितांचा. राव यांच्याच 'द बॉयफ्रेंड' (२००३) या कादंबरीत इंग्रजी लिहिणारा पत्रकार आणि दलित तरुण यांची गाठ चर्चगेट स्थानकात पडते. प्रेम जमते, जात मात्र मधून हटत नाही. मराठीत सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये आली. घरात भाड्याने राहायला आलेल्या एका तरुणावर तिथे भाऊ आणि बहीण दोघेही जीव लावतात. गोष्ट सुरू होते ती भाड्याच्या खोलीपासून, हे मराठी वाचकाला वेगळे समजवावे लागले नाही.

१८/
१६ ऑगस्ट २००८. स्वातंत्र्यदिनाच्या दुसऱ्या दिवशी मुंबईत 'क्वीअर आझादी' मोर्चा निघाला, तो ऑगस्ट क्रांती मैदानातून. १९४२ मध्ये जिथून 'चले जाव'ची घोषणा झाली, तिथून इंग्रजांच्या कलमालाही चले जाव सांगण्यात आले. काहींनी तोंडावर मुखवटे घातले होते. घरी टीव्हीवर दिसू नये म्हणून. ज्या रस्त्यांवर मान खाली घालून चालायची सवय होती, ते रस्ते भर दिवसा, ढोलाच्या ठेक्यावर त्यांचे झाले.

१९/
पुढे न्यायालयांतील दशक. २ जुलै २००९ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांमधील, संमतीच्या, खासगी संबंधांपुरते कलम ३७७ निष्प्रभ केले. ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा जिवंत केले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या पीठाने एकमताने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ३७७ सारखे कलमच नाही.

२०/
निकालांतला कळीचा शब्द 'खासगी'. कायदा म्हणतो, चार भिंतींआड तुम्ही मुक्त आहात. मुंबई विचारते, चार भिंती कुणाच्या? आई-वडील, भाऊ-भावजय यांच्यासह एका खोलीत राहणाऱ्या तिशीतल्या तरुणाला खासगीपणाचा हक्क मिळाला. वापरायला खोली मिळाली नाही. भाड्याने घ्यावी तर अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम आणि 'फॅमिलीलाच देतो' हे घरमालकाचे उत्तर.

२१/
यातही एक उपरोध आहे. अविवाहित स्त्री-पुरुषाला जागा नाकारणारी सोसायटी दोन पुरुषांना सहज जागा देते, कारण ते 'रूमपार्टनर' असतात. याच शब्दाच्या आडोशाने या शहरात कित्येक संसार झाले. शेजाऱ्यांना गणपतीचा प्रसाद पोहोचला, दिवाळीचा फराळ आला-गेला, दाराच्या पाटीवर दोन आडनावे राहिली. पण एकजण रुग्णालयात गेला की 'नातेवाईक कोण?' असे विचारले जाते, आणि रूमपार्टनर हे नाते कोणत्याच अर्जात नसते.

२२/
१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. तो विषय संसदेचा मानला. मात्र २०२४ मध्ये केंद्र सरकारने दोन गोष्टी स्पष्ट केल्या : अशा जोडीदारांना बँकेत संयुक्त खाते उघडता येईल, आणि शिधापत्रिकेसाठी त्यांना एकाच कुटुंबातील धरले जाईल.

२३/
शिधापत्रिका ही मुंबईकराच्या लेखी धान्याची चिठ्ठी कधीच नव्हती. खोलीचा, पत्त्याचा, आपण या शहराचे आहोत याचा तो पुरावा. ती ट्रंकेच्या तळाशी, प्लास्टिकच्या पिशवीत जपली जाते. १९३४ मध्ये ज्या प्रश्नाचे उत्तर छापल्याबद्दल २०० रुपये दंड झाला, तो प्रश्न नव्वद वर्षांनी शिधावाटप कार्यालयाच्या खिडकीपाशी येऊन उभा राहिला आहे. एका पत्त्यावर दोन नावे, दोन्ही पुरुषांची, आणि 'नाते' या रकान्यात काय लिहायचे ते आता खिडकीपलीकडच्या माणसाला शिकायचे आहे.

(धागा समाप्त)