सात फुटी नौका

कालवा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उसाला पाणी नेणारा पाट येतो. त्यात नौका घालावी असे कुणाच्या मनातही येत नाही. इंग्लंडमधले कालवे मात्र मुळात खोदले गेले ते नौकांसाठीच, आणि तिथे नौका घेऊ पाहणाऱ्याची निम्मी निवड जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने अडीचशे वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याचे काम १७६६ मध्ये सुरू झाले. चढउतारासाठी अशा कालव्यावर 'लॉक' बांधतात, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेले हौद. त्यांत पाणी भरून वा सोडून नौका वरखाली नेता येते. पाणी आणि पैसा वाचावा म्हणून ब्रिंडलीने हे हौद जेमतेम ७ फूट रुंद ठेवले. त्यामुळे मध्य इंग्लंडची मालवाहू नौका सुमारे ७० फूट लांब आणि ७ फुटांहून किंचित अरुंद अशी, एखाद्या बोळासारखी, घडली.

बहुतेक नौका कंपन्यांच्या असत. ज्याची नौका स्वतःची, त्याला नावाडी लोक 'नंबर वन' म्हणत. या शब्दातला ताठा समजून घ्यायचा तर त्यामागचे हाल पाहिले पाहिजेत. रेल्वे आली, मालवाहतुकीचे दर कोसळले, आणि काठावरचे बिऱ्हाड परवडेना म्हणून पुष्कळ नावाड्यांनी बायकामुलांना नौकेवर आणले. माल वाहण्याची जागा कमी करणे शक्य नव्हते. तेव्हा मागच्या टोकाच्या सुमारे १० फुटांच्या खोपटात चूल, घडीचा पलंग आणि सगळा संसार. दारांवर, पाण्याच्या डब्यांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले. या चित्रांचे लोककला म्हणून कौतुक होते. मला त्यांत कलेइतकाच हट्टही दिसतो. सरकारला मात्र या बिऱ्हाडांत प्रश्न दिसला तो दाटीचा आणि रोगराईचा. जॉर्ज स्मिथ या सुधारकाच्या खटपटीतून १८७७ मध्ये कायदा झाला आणि राहत्या नौकांची नोंदणी सक्तीची झाली.

हे जग मावळत असताना टॉम रोल्ट हा तरुण अभियंता त्यात शिरला. त्याने 'क्रेसी' नावाची जुनी लाकडी मालवाहू नौका आपल्या काकांकडून विकत घेतली, तिच्यात राहण्याची सोय केली (न्हाणीच्या टबासकट!) आणि जुलै १९३९ मध्ये बॅनबरीहून पत्नी अँजेलासह तो निघाला. त्या प्रवासाचे त्याचे पुस्तक 'नॅरो बोट' १९४४ मध्ये, ऐन युद्धात, प्रसिद्ध झाले. ते वाचून रॉबर्ट एकमन या लेखकाने त्याला पत्र लिहिले, आणि १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी संघटना उभी राहिली.

नौकेची मालकी म्हणजे काय, हे १९४७ मध्ये किंग्ज नॉर्टनजवळ दिसले. स्ट्रॅटफर्ड कालव्यावरचा उचलता पूल रेल्वे कंपनीने कायमचा जखडून टाकला होता. वाहतूक नाही, मग पूल उचलायचा कुणासाठी? पण त्या जलमार्गावरून जाण्याचा हक्क कायद्याने शाबूत होता. रोल्टने आपण येत असल्याची रीतसर सूचना दिली. कंपनीला माणसे पाठवून, जॅक लावून तो पूल उचलावा लागला, आणि 'क्रेसी' खालून घासत पुढे गेली. हक्क कागदावर होताच. तो बजावायला एक नौका लागली.

पुढे दोघांचे फाटले. एकमनला प्रत्येक मैल वाचवायचा होता, सर्वांसाठी. रोल्टला आधी हवे होते ते नावाडी आणि त्यांचा धंदा. १९५१ मध्ये रोल्टला त्याच संघटनेतून काढून टाकण्यात आले. 'क्रेसी'चे लाकूडही तोवर थकले होते, आणि त्याच सुमारास त्याचा नौकेवरचा संसारही संपला. मला रोल्टचे म्हणणे पटते, पण जिंकला तो एकमन हे नाकारण्यात अर्थ नाही. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि लांब पल्ल्याची नियमित मालवाहतूक जवळजवळ बंदच पडली. ऑक्सफर्ड कालव्यावरचा शेवटचा 'नंबर वन' जो स्किनर. खेचराने ओढली जाणारी त्याची 'फ्रेंडशिप' आता एल्समीर पोर्टच्या संग्रहालयात आहे.

कालवे मात्र उरले. आजची नौका पोलादी आणि डिझेलवर चालणारी असते. जाणकार ५७ फुटी घ्यायला सांगतात, कारण उत्तरेतले काही हौद आखूड आहेत. लांबीत थोडी सवलत मिळाली. रुंदीचा हिशेब पुष्कळ ठिकाणी अजून ब्रिंडलीचाच. घरभाडे परवडत नाही म्हणून नौकेवर राहायला गेलेले लोकही पुन्हा दिसू लागले आहेत. बांधायला कायमची जागा नसेल तर १९९५ च्या कायद्यानुसार एका ठिकाणी सलग १४ दिवसांहून अधिक सहसा थांबता येत नाही. अशा फिरत्या नौकांच्या परवान्यावर कालव्यांचा कारभार पाहणाऱ्या न्यासाने एप्रिल २०२४ पासून वेगळा अधिभारही लावला आहे.