सटवाईचे हसू

आमच्या घरी पाळण्यातले बाळ झोपेत हसले की आजी म्हणायची, ‘सटवाई हसवतेय, उठवू नका.’ पुढे निद्रासंशोधनाचा इतिहास वाचताना मला हे आठवले. कारण त्यातला एक मोठा अध्यायही निजलेल्या बाळाचा चेहरा निरखण्यातूनच सुरू झाला.

शिकागो विद्यापीठात नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी युजीन अ‍ॅसेरिन्स्की या विद्यार्थ्याला तान्ह्या मुलांच्या पापण्या पाहत बसायला सांगितले. काम विलक्षण कंटाळवाणे. पण काही वेळ डोळे स्तब्ध, मग मिटल्या पापण्यांआड बुबुळांची चाळवाचाळव, पुन्हा शांतता, अशी लय त्याला दिसली. मग त्याने स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांभोवती इलेक्ट्रोड चिकटवून आलेख काढले. १९५३ साली ‘सायन्स’मध्ये गाजला तो प्रौढांवरचा निबंध, ज्यांच्यापासून सुरुवात झाली त्या बाळांवरचा १९५५मध्ये आला. १९६६ साली रॉफवार्ग, म्यूझिओ आणि डिमेंट यांनी दाखवले, की नवजात बाळाची जवळजवळ निम्मी झोप अशा धावत्या डोळ्यांची असते. वाढता मेंदू त्या वेळी स्वतःलाच चालना देत असावा, असा त्यांचा तर्क होता.

पण शिकणे? १९८० साली डीकॅस्पर आणि फायफर यांनी तीन दिवसांहून लहान बाळांच्या तोंडी चोखणी दिली. आईचा आवाज ऐकू यावा म्हणून ती चोखण्याची लय बदलत. ही बाळे जागी होती. तोच विल्यम फायफर तीस वर्षांनी झोपेकडे वळला. एक-दोन दिवसांच्या निजलेल्या बाळांना एक स्वर ऐकवायचा, लगेच पापणीवर हवेची हलकी फुंकर. थोड्याच वेळात बाळे नुसत्या स्वरानेही पापण्या घट्ट मिटू लागली. स्वर आणि फुंकर यांची सांगड घातली नव्हती, त्या बाळांत हा बदल दिसला नाही.

यावरून कुणी गर्भसंस्काराच्या सीडी विकू नयेत. बुद्धी वाढते, असे यातले काहीच सांगत नाही. तो स्वर बाळांना महिन्याने आठवला असता का, तेही या प्रयोगाने तपासलेले नाही.

तरी एक जुना प्रसंग मला छळतो. धाकट्या बहिणीच्या पाळण्याशी बसून मोठी माणसे ‘तिसरीही मुलगीच’ म्हणून उसासत होती. मी ‘श्शू’ केले, तर उत्तर आले, ‘झोपलीय ती, तिला काय कळतंय!’ शब्द तिला कळले नसतीलच. आवाजांची धार, आईचा मध्येच तुटणारा सूर कानांवर पडत होता की नाही, हे त्या वेळी कुणाच्या मनातही आले नाही.

फायफर आणि त्याच्या सहकाऱ्यांना या प्रयोगातून वेगळेच काही हवे होते. पापणीचे हे शिकणे लहान मेंदूवर अवलंबून असते. त्यात बिघाड असेल, तर तो बाळ बोलू लागण्याची वाट न पाहता, झोपेतच ओळखता येईल का, याचा ते शोध घेत होते.